जुना संगणक भंगारात देण्याआधी

(वसतिगृहांचे अधीक्षक, शिक्षक आणि गावपातळीवरील कार्यकर्ते यांच्या घोडेगाव येथील बैठकीत केलेले भाषण)



गेल्या काही महिन्यांत तुमच्यापैकी अनेकांनी मला एकच प्रश्न विचारला आहे. "वसतिगृहातल्या संगणकावर सारखी सूचना येते की विंडोज 10 ची मुदत संपली. दुकानदार म्हणतो, यावर विंडोज 11 चालणार नाही, नवीन घ्या. मग हे सगळे संगणक टाकून द्यायचे का?" आज त्याचे उत्तर जरा सविस्तर द्यायचे आहे. मी संगणक अभियंता नाही. मुलांच्या शिष्यवृत्तीचे अर्ज भरता भरता आणि देणगीत आलेली यंत्रे चालती ठेवता ठेवता जे शिकायला मिळाले, तेच सांगतो.

आधी नेमके काय संपले ते पाहू. संगणकाचे यंत्र वेगळे आणि त्याचा कारभार पाहणारी प्रणाली वेगळी. कळफलक, पडदा, प्रिंटर, फायली या सगळ्यांची व्यवस्था ही प्रणाली ठेवते. विंडोज ही अशीच एक प्रणाली. मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 जुलै 2015 मध्ये आणले आणि 14 ऑक्टोबर 2025 रोजी त्याचा नेहमीचा आधार थांबवला. त्या दिवशी कोणाचाही संगणक बंद पडला नाही, पण प्रणालीत सापडणारी भगदाडे बुजवण्याचे काम थांबले. घराचा कारभारी निवृत्त झाला, घर मात्र उभे आहे.

मग चालू आहे तसेच चालू द्यावे का? मे 2017 मध्ये वॉनाक्राय नावाचा हल्ला झाला. सुमारे दीडशे देशांतले संगणक त्यात अडकले, फायलींना कुलूप लागले आणि किल्लीसाठी पैसे मागितले गेले. त्या भगदाडावरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधीच दिली होती. ज्यांनी ती बसवली नव्हती आणि ज्यांच्या जुन्या प्रणालीला ती मिळालीच नव्हती, ते सापडले. आता आपल्या कार्यालयातल्या संगणकात काय आहे ते आठवा. मुलांची आधार कार्डे, जातीचे दाखले, पालकांची बँक पासबुके, काही ठिकाणी वनहक्क दाव्यांचे नकाशे आणि पुरावे. आहुप्याच्या किंवा आपटाळ्याच्या बाजूची एखादी आई विश्वासाने ती कागदपत्रे आपल्या हातात देते. त्यामुळे उघड्या दाराचे घर तसेच ठेवणे बरोबर नाही.

आता मार्ग कोणते आहेत ते सांगतो.

पहिला मार्ग मुदतवाढीचा. घरगुती वापराच्या विंडोज 10 संगणकांना नोंदणी केल्यावर 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत सुरक्षा-दुरुस्त्या मिळतात. संस्थांसाठी वेगळी, पैसे भरून घ्यायची योजना आहे. यात विचार करायला थोडा वेळ मिळतो, एवढाच फायदा.

दुसरा मार्ग विंडोज 11 चा. त्याला किमान 4 जीबी रॅम, 64 जीबी जागा, टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय आणि ठरावीक यादीतला प्रोसेसर लागतो. इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे बहुतेक प्रोसेसर त्या यादीत नाहीत. आडमार्गाने विंडोज 11 बसवून देणारे भेटतात, पण अशा यंत्राला पुढे दुरुस्त्या मिळतीलच याची हमी कंपनी देत नाही. जो संगणक नियमात बसतो, त्यावर जरूर विंडोज 11 घ्या.

तिसरा मार्ग आपल्याकडे सर्रास चालतो. दुकानात जायचे आणि "विंडोज मारून द्या" म्हणायचे. परवाना नसलेली प्रत, कोणी कुठून उतरवलेली, आत काय भरलेले हे कोणालाच ठाऊक नाही. मुलांना आपण प्रामाणिकपणा शिकवतो आणि त्यांच्यासमोर चोरीची प्रत चालवतो, हे शोभत नाही. त्यात सुरक्षितताही नाही.

चौथा मार्ग म्हणजे लिनक्स. फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने 1991 मध्ये त्याचा गाभा लिहायला घेतला. आज जगभरचे हजारो लोक मिळून तो सांभाळतात. त्यावर उभारलेल्या उबुंटू, लिनक्स मिंट, डेबियन अशा प्रणाली फुकट मिळतात, त्यांच्या प्रती काढणे आणि दुसऱ्याला देणे कायदेशीर आहे. आपल्याच देशात सी-डॅकने बॉस नावाची लिनक्स प्रणाली भारतीय भाषांची सोय ठेवून तयार केली आहे.

लिनक्स म्हटले की काही जण बिचकतात. पण तुमच्या खिशातला अँड्रॉइड मोबाईल लिनक्सच्याच गाभ्यावर चालतो. नारायणगावजवळ खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण आपल्या सर्वांना माहीत आहे. 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना आहेत तिच्या. दरवर्षी 28 फेब्रुवारीच्या सुमारास आपली मुले तिथले विज्ञान प्रदर्शन पाहायला जातात. त्या अँटेनांकडून येणाऱ्या संकेतांवर काम करणारे संगणकही लिनक्सवर चालतात. केरळात सरकारी शाळांमध्ये अनेक वर्षे मुले लिनक्सवरच संगणक शिकतात. 2019 मध्ये तिथल्या शिक्षण खात्याच्या संस्थेने उबुंटूवर आधारलेली स्वतःची प्रणाली दोन लाखांहून अधिक शालेय संगणकांसाठी दिली. म्हणजे आपण काही वेगळे धाडस करत नाही आहोत.

आता मुख्य प्रश्नाकडे येतो. नवी प्रणाली बसवायची, तर जुनी काढून टाकायची की तिच्या शेजारी बसवायची?

दोन्ही करता येते. शेजारी बसवणे म्हणजे एका शेतात बांध घालून दोन वाटण्या करणे. संगणकाच्या डिस्कचा काही भाग विंडोजकडे राहतो, उरलेला लिनक्सला मिळतो. यंत्र सुरू केले की पडद्यावर यादी येते आणि कोणत्या वाटणीत जायचे ते आपण निवडतो. एका वेळी एकच प्रणाली चालते. काढून टाकणे म्हणजे बांध न घालता सगळे शेत नांगरून नवे पीक घेणे. मग आधीचे काहीही शिल्लक राहत नाही.

बरेच जण म्हणतात, शेजारी ठेवणेच बरे, दोन्ही हाताशी राहतील. ऐकायला सोपे वाटते, पण वाटणीच्या शेतात भांडणेही होतात. 120 जीबीच्या छोट्या डिस्कमध्ये दोघांनाही जागा अपुरी पडते. विंडोज आणि लिनक्स यंत्राच्या आतले घड्याळ वेगवेगळ्या पद्धतीने वाचतात, त्यामुळे विंडोजमध्ये गेल्यावर वेळ साडेपाच तास मागे दिसू शकते. मग संकेतस्थळे उघडत नाहीत आणि आपण नेटवाल्याला बोल लावतो. ऑगस्ट 2024 मध्ये विंडोजच्या एका सुरक्षा-दुरुस्तीनंतर कित्येक दुहेरी संगणकांवर लिनक्स सुरूच होईना. या सगळ्यावर उपाय आहेत, पण ते करणारा माणूस जवळ हवा. आणि महत्त्वाचे म्हणजे, शेजारी ठेवलेले मुदत संपलेले विंडोज नेटला जोडले तर धोका होता तेवढाच राहतो.

म्हणून माझे सांगणे असे आहे की सगळ्या संगणकांना एकच नियम लावू नका. त्या यंत्रासमोर कोण बसते आणि त्याचे कोणते काम अडेल, हे आधी पाहा. आपल्याकडे साधारण तीन प्रकारची यंत्रे असतात.

एक, कार्यालयातला संगणक. त्यावर टॅली आहे, श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमधली पत्रे आहेत, डिजिटल सही किंवा अंगठ्याचे यंत्र जोडलेले आहे. टॅली विंडोजसाठी बनवलेले आहे. अंगठ्याच्या यंत्राचे सॉफ्टवेअर लिनक्सवर चालेलच असे नाही. जुन्या फाँटमधली पत्रे दुसऱ्या संगणकावर उघडली की अगम्य चिन्हे दिसतात. त्यांचे युनिकोडमध्ये रूपांतर करून घ्यावे लागते. अशा यंत्रावरून विंडोज काढू नका. शक्य असेल तर संस्थेने पैसे घालून याच एका संगणकाच्या जागी विंडोज 11 चालणारा संगणक घ्यावा. ते होईपर्यंत लिनक्स शेजारी बसवा. नेटवरची कामे, म्हणजे महाडीबीटीचे अर्ज, ईमेल, शासनाची संकेतस्थळे, लिनक्समधल्या ब्राउझरमधून करा आणि विंडोज फक्त हिशेबासाठी, नेट बंद ठेवून वापरा.

दोन, मुलांच्या खोलीतले संगणक. तिथे विंडोजवर अडलेले असे फारसे काही नसते. मुलांना मराठी-इंग्रजी टंकलेखन, चित्रे, गणिताचे खेळ, तक्ते, थोडे प्रोग्रॅमिंग शिकायचे असते. लिनक्सबरोबर लिब्रेऑफिस येते. स्क्रॅच किंवा जिओजेब्रा लिनक्सवरही वापरता येते. इनस्क्रिप्ट हा सरकारमान्य मराठी कळफलक दोन्ही प्रणालींत सारखाच आहे. इथे निर्धास्तपणे विंडोज काढून लिनक्स बसवा. मुलांनी काही बिघडवले तरी अर्ध्या-पाऊण तासात पुन्हा बसवता येते.

पण एक गोष्ट विसरू नका. दहावी-बारावीनंतर मुले एमएस-सीआयटी करतात, टंकलेखनाची परीक्षा देतात, मंचर किंवा चाकणला नोकरीला जातात, आणि तिथे बहुतेक ठिकाणी विंडोज आणि एक्सेलच असते. ठाकर किंवा कातकरी वस्तीतली मुलगी पहिल्यांदा मुलाखतीला गेली आणि पडदा पाहूनच गांगरली, तर आपले फुकट सॉफ्टवेअर तिला महाग पडले असे होईल. म्हणून मोठ्या मुलांसाठी खोलीतला एक तरी संगणक विंडोजचा किंवा दोन्ही प्रणालींचा ठेवा. परीक्षेच्या आधी महिनाभर त्यांना त्यावर बसू द्या. ज्याला दोन्ही येते त्याचे कुठेच अडत नाही.

तीन, फार जुनी यंत्रे. 2 जीबी रॅमवर लिनक्स मिंट बसते, पण आरामात काम करायचे तर 4 जीबी हवी. त्याची एक्सएफसीई नावाची हलकी आवृत्ती अशा यंत्रांना बरी. जुन्या फिरत्या डिस्कच्या जागी छोटी एसएसडी घातली तर आठ-दहा वर्षांचे यंत्रसुद्धा चपळ होते. मात्र प्रोसेसर 32 बिटचा असेल, तर बहुतेक नव्या प्रणाली त्यावर चालत नाहीत. अशा यंत्रावर खर्च करू नका. डिस्क काढून घ्या आणि यंत्र ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडे द्या.

आता प्रत्यक्ष कामाविषयी. सगळ्यात आधीची पायरी आहे नकल काढण्याची. आपल्या भागातल्या एका कार्यालयात संगणक फार हळू चालतो म्हणून तो दुरुस्तीला दिला गेला. दुरुस्त करणाऱ्याने "फॉरमॅट मारला". संगणक झकास चालू लागला, पण हिरडा खरेदीच्या तीन हंगामांच्या नोंदी आणि काही वनहक्क दाव्यांची स्कॅन केलेली कागदपत्रे गेली. दोन आजोबांनी त्यासाठी दिलेले जबाब होते. त्यातले एक आजोबा आता हयात नाहीत. ते कागद पुन्हा कोणाकडून आणायचे? यंत्र नवे मिळेल, प्रणालीही मिळेल, तो जबाब मिळणार नाही.

म्हणून सगळ्या फायली आधी दोन ठिकाणी उतरवा: एक बाहेरची हार्ड डिस्क आणि दुसरे एखादे पेन ड्राइव्ह किंवा दुसरा संगणक. डेस्कटॉप, डाउनलोड, सी आणि डी ड्राइव्ह, सगळीकडे पाहा. आपल्याकडे अर्धे कार्यालय डेस्कटॉपवरच असते. नकल काढल्यावर ती दुसऱ्या संगणकावर उघडून बघा. उघडली नाही तर नकल झालीच नाही असे समजा. ज्या संगणकावर बिटलॉकरचे कुलूप आहे, त्याची लांबलचक किल्ली कागदावर लिहून कपाटात ठेवा. वाटणी करताना विंडोज ती मागू शकते.

दुसरी पायरी चाखून बघण्याची. लिनक्स मिंटची फाईल सुमारे 3 जीबीची असते. आपल्या पश्चिम पट्ट्यात एवढे उतरवायला बसलात तर रात्र जाईल, म्हणून घोडेगाव, जुन्नर किंवा मंचरला आलात की उतरवून 8 जीबीच्या पेन ड्राइव्हवर घ्या. फाईल नुसती चिकटवून चालत नाही. रूफस किंवा एचर नावाच्या फुकट साधनाने पेन ड्राइव्ह तयार करावा लागतो, आणि त्या पेन ड्राइव्हवरचे आधीचे सगळे पुसले जाते. मग संगणक सुरू होताना डेल आणि लेनोवोवर बहुधा एफ-12, एचपीवर एफ-9 दाबून पेन ड्राइव्ह निवडायचा. डिस्कला हात न लावता लिनक्स पेन ड्राइव्हवरूनच चालू होते. वाय-फाय लागते का, आवाज येतो का, प्रिंटर ओळखतो का, शिष्यवृत्तीचे संकेतस्थळ उघडते का, हे सगळे तपासा. दोन-तीन दिवस असेच वापरून बघा. पटले नाही तर पेन ड्राइव्ह काढला की संगणक पूर्वीसारखा.

तिसरी पायरी बसवण्याची. शेजारी बसवायचे असेल तर विंडोजमधली फास्ट स्टार्टअप ही सोय आधी बंद करा, आणि विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून जागा मोकळी करा. मग लिनक्स बसवताना एक पडदा येतो. विंडोजच्या शेजारी बसवू, की डिस्क पूर्ण पुसू? पूर्ण भाषणातले एवढेच वाक्य लक्षात राहिले तरी चालेल: त्या पडद्यावर थांबा, मोठ्याने वाचा आणि शेजारी दुसरा माणूस असेल तेव्हाच पुढचे बटण दाबा. तिथे चुकीची निवड झाली तर परतीची वाट नाही.

आणि वीज. डिस्कची वाटणी चालू असताना वीज गेली तर दोन्ही वाटण्या बिघडू शकतात. भीमाशंकरच्या किंवा नाणेघाटाच्या बाजूला पावसाळ्यात वीज किती वेळा जाते ते तुम्हाला सांगायला नको. डेस्कटॉप असेल तर चालू स्थितीतल्या यूपीएसवर किंवा इन्व्हर्टरवरच हे काम करा. लॅपटॉप पूर्ण चार्ज करून आणि चार्जर लावून बसा. जमल्यास हे काम दिवाळीनंतर ते मे या काळात उरका.

चौथी पायरी सर्वांत लांब चालणारी, माणसांची. 2007 मध्ये रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यात खैरात-धनगरवाडा इथल्या एकशिक्षकी शाळेत प्रत्येक मुलाला छोटा हिरवा-पांढरा लॅपटॉप दिला होता. जगभर गाजलेल्या 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' या उपक्रमाचा तो भारतातला सुरुवातीचा प्रयोग होता, आणि त्या लॅपटॉपवरची प्रणाली लिनक्सवरच आधारलेली होती. त्या मुलांना कोणती प्रणाली "अवघड" असते हे कोणी सांगितलेले नव्हते. ती शिकली. आपल्या मुलांचेही तसेच होईल. अडचण येते ती आपल्या मोठ्यांच्या हाताच्या सवयींची.

म्हणून अधीक्षक आणि शिक्षकांना आधी तयार करा. मुंबईच्या आयआयटीने 'स्पोकन ट्युटोरियल' नावाचे छोटे पाठ केले आहेत. लिनक्स, लिब्रेऑफिस असे विषय त्यात मराठीतूनही ऐकायला मिळतात, आणि पाठ उतरवून नेटशिवायही दाखवता येतात. प्रत्येक वसतिगृहातून एक शिक्षक आणि मोठ्या वर्गातली दोन मुले, त्यात एक तरी मुलगी, एवढ्यांनी जरी नीट शिकून घेतले तरी बाहेरच्या माणसाची वाट पाहावी लागणार नाही. एका वहीत लिहून ठेवा: कोणत्या यंत्रावर काय बसवले, कधी, पासवर्ड कोणाकडे आहे आणि नकल कुठे ठेवली आहे. अधीक्षक बदलून गेले की संगणक मुका होतो, हा आपल्या सर्वांचा अनुभव आहे. ती वही नव्या माणसाच्या हातात चावीसारखी द्या.

शेवटी आपल्या देणगीदार मित्रांसाठी दोन शब्द. हे भाषण पत्रिकेत छापले जाणार आहे, म्हणून बोलून ठेवतो. पुणे, हिंजवडी, चाकणच्या कार्यालयांतून मुदत संपलेले संगणक सध्या बाहेर निघत आहेत. ते आमच्या मुलांच्या कामाचे आहेत, पण सगळेच नाहीत. 64 बिटचे, 4 जीबी रॅमचे, चार्जरसह आणि सुरू होणारे यंत्र असेल तर अवश्य द्या. देताना तुमची माहिती पूर्ण पुसून द्या. त्याबरोबर एक एसएसडी किंवा एक यूपीएस दिलात, तर दुसऱ्या बंद पडलेल्या संगणकापेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल. आणि ज्यांना हे काम येते त्यांनी एक शनिवार द्यावा. आमच्या शिक्षकांच्या शेजारी बसावे, पण माउस शिक्षकांच्याच हातात ठेवावा.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक वसतिगृहाने आपल्या यंत्रांची यादी आणावी. प्रत्येक यंत्रापुढे तीन रकाने करा: त्यावर कोण बसते, त्यात कोणाचे काय ठेवले आहे आणि नकल काढली का. तिसऱ्या रकान्यात "हो" असेल त्या यंत्रापासून आपण कामाला सुरुवात करू. जिथे "नाही" असेल, तिथे या आठवड्यात आधी नकल काढा. शेजारी की जागी, हे त्यानंतर ठरवू.